वरून बघायची परवानगी

३ मार्च

बयो,

पाकिटावर तिकीट नाही म्हणून दचकू नकोस. हे पोस्टातून आलेलं नाही, मीच तुझ्या फाटकाच्या पेटीत टाकलंय. हो, मीच. अक्षर ओळखलंस ना? तुझ्याच मेहनतीचं आहे ते. सातवीत होतीस, आणि मला ओट्याशी पाटी देऊन बसवायचीस. चुकले की माझ्याच लाटण्याचा मला धाक.

काल दुपारी येऊन गेले. बेल तीनदा वाजवली. वरच्या खिडकीचा पडदा हलला, वारा असेल. मग पायरीवर जरा टेकले, तुझ्या कुंड्या बघितल्या. डावीकडच्या कुंडीत पाणी फार होतंय, मुळं कुजतील. आणि उठले.

आता तू म्हणशील, ही बया इथं उगवली कशी? तर ठरवून काही नाही हं. बारकीचं काम निघालं इकडे. बारकी म्हणजे तुझ्या भावाची धाकटी. तू गेलीस तेव्हा दहा वर्षांची होती, तुझ्या ओढणीत शिरून बसायची. आता चोविसाची आहे आणि दारातून येताना वाकते, एवढी उंच. पण नाव बारकीच राहिलं. तिच्याकडे ते उडतं यंत्र आहे, ड्रोन. चार पंखे, पोटाला कॅमेरा, आवाज भुंग्यासारखा, म्हणून मी भुंगाच म्हणते. कारखान्यांची छपरं, धुरांडी, पूल, जिथं माणूस चढवला तर खाली हाडं गोळा करायची वेळ येईल, तिथं ती भुंगा पाठवते आणि इकडे पडद्यावर भेगा शोधते. फार नाव आहे तिचं. इथल्या एका कारखान्यानं छपरासाठी बोलावलं. तिची आई म्हणाली, एकटी नको जाऊस. बाकी सगळे आपापल्या कामात. उरले कोण? मी. पासपोर्टात माझा फोटो चोर पकडल्यासारखा आलाय.

विमानाचं सांगतेच. बॅटऱ्या सामानात टाकायच्या नाहीत, हातात ठेवायच्या, टोकांना चिकटपट्टी लावून, असा नियम. बारकीच्या दोन्ही हातांत कागद, म्हणून सहाही बॅटऱ्या माझ्या पिशवीत. मांडीवर घेऊन बसले, बाळंतिणीसारखी. शेजारचा माणूस पिशवीकडे बघून हळूच सरकला.

आणि मग विमानतळावर गंमत झाली. गंमत म्हणावी की काय म्हणावं. भुंग्याच्या पाठीवर मी लाल नेलपॉलिशनं 'आजीची कृपा' लिहिलंय. बारकीचाच हट्ट. "ट्रकवाले आईचा आशीर्वाद लिहितात, मग माझ्या भुंग्याला तुझी कृपा नको?" तिथल्या कस्टमच्या बाईनं अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय? कारण इथला नियम असा की यंत्रावर जबाबदार व्यक्तीचं नाव पाहिजे. बारकीचं नाव होतं की, पंख्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरात. ते कुणाला दिसतंय! बावीस तासांचा प्रवास, पोर पेंगुळलेली, हसून म्हणाली, "आजी लिहिलंय. ही काय माझी आजी." झालं. बाईनं फॉर्मवर जबाबदार व्यक्ती म्हणून मला मांडलं आणि पेन पुढे केलं. बारकी "अहो थांबा, थांबा" म्हणेपर्यंत मी सही ठोकलीसुद्धा. तू शिकवलेली, शेवटी शेपूट असलेली.

दुरुस्ती करायला तीन आठवडे लागतील म्हणाले. आमचं काम बारा दिवसांचं. तेव्हा आहे ते असं आहे. बहात्तर वर्षांत पहिल्यांदा कुणी मला जबाबदार म्हटलं, बयो, आणि तेही परक्या सरकारनं!

कारखाना तुझ्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. योगायोग बघ.

आई

६ मार्च

बयो,

उत्तर नाही, हे मी गृहीतच धरलं होतं. तरी येता-जाता तुझ्या पेटीची फट बघते. पहिलं पत्र आत दिसत नाही, म्हणजे तू घेतलंस. फाडलंस तरी हरकत नाही, फाडायच्या आधी नजर जातेच.

इथले नियम ऐकशील तर चक्कर येईल. जबाबदार व्यक्ती शेजारी उभी असल्याशिवाय भुंगा उडवायचा नाही. म्हणून मला रोज कारखान्याच्या गच्चीवर न्यायचं. नारिंगी जाकीट, डोक्यावर पिवळं टोपडं, ते अंबाड्यावर बसत नाही, तर मुकादमानं आतला पट्टा सैल करून दिला. मला बघितलं की तो सलाम ठोकतो. मीही ठोकते. कारखान्याच्या भिंतीबाहेर जायचं नाही. माणसांच्या डोक्यावरून जायचं नाही. कुणाच्या घरावरून तर नाहीच नाही, त्या घरच्या माणसाची लेखी परवानगी असेल तरच. बारकी हे सगळं मला रोज सकाळी म्हणून दाखवते, आणि मी मान डोलावते.

बारकीचा हात किती हलका आहे, तू बघायला हवं होतंस. दोन अंगठ्यांनी चालवते. धुरांड्याच्या तोंडाशी नेऊन असं थांबवते, जणू हातानं धरलंय. तेव्हा ओठ दुमडते, तसाच, तू माझ्याकडून केस विंचरून घेताना दुमडायचीस तसा. पाठमोरी बसायचीस पाटावर, मान खाली, आणि गुंता निघाला की "आई, हळू ना!" केवढे केस होते तुझे.

एक खरं सांगते. योगायोग नाही. बारकीकडे दोन कामं आली होती, दुसरं ह्याहून मोठं होतं. मी म्हटलं, हेच घे. तिनं विचारलं का, मी म्हटलं, तिकडची हवा चांगली. तिनं नकाशा बघितला आणि हेच काम घेतलं. शहाणी आहे.

आणि आणखी एक सांगायचं राहिलं. तू निघालीस त्या दिवशी निरोप घ्यायला आली होतीस, तेव्हा मी बाजारात गेले होते. भावानं सांगितलं असेलच तुला.

आई

९ मार्च

बयो,

आता तुला कळलंच असेल. काल दुपारी तुझ्या अंगणात जे पडलं ते आमचं.

बारकीला दोष देऊ नकोस. सगळं सांगते, जसं झालं तसं.

काम लवकर संपलं होतं, एक बॅटरी भरलेली होती. मी भिंतीजवळ उभी होते आणि भिंतीपलीकडे तुझ्या गल्लीतली छपरं दिसत होती. मी म्हटलं, "बारके, हा किती लांब जातो गं?"

"भिंतीपर्यंत."

"आणि भिंतीपलीकडे?"

"भिंतीपलीकडे कायदा आहे, आजी."

"कायद्याला दिसतोय होय हा एवढासा?"

"कायद्याला नाही दिसला तर शेजाऱ्यांना दिसतो. आजी, नाही. मला माहितीये तुझ्या मनात काय आहे. नाही."

मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे काय, पाच मिनिटं बसले. मग म्हटलं, "फॉर्मवर जबाबदार कोण?"

"तू."

"मग मी सांगतेय. उडव."

ती बघत राहिली माझ्याकडे. मला वाटलं आता रागावणार. तर म्हणते कशी, "आत्या मला ओळखेल का गं?" आणि अंगठे टेकवले.

बयो, चौदा वर्षांनी तुला बघितलं ते असं. वरून. पडद्यावर चार गल्ल्या सरकल्या, मग तुझं छप्पर, मागचं अंगण, दोरी, आणि दोरीवर तू निळी चादर घालत होतीस. झटकलीस ती दोन्ही टोकं धरून, एकदा, दोनदा. माझ्यासारखीच झटकतेस की गं. भांगात पांढरं झालंय सगळं. मला नुसता भांग दिसत होता आणि हात. मी म्हटलं, खाली घे, तोंड दिसत नाही. बारकी म्हणाली, बास आजी, आता परत आणते. मी म्हटलं, थोडंच. आणखी थोडं. तिच्या दंडाला धरून हलवलं मी, लहान मूल हलवतं तसं. तेवढ्यात चादर फुगली वाऱ्यानं, आणि पंखा दोरीत.

पडल्यावरही चित्र चालूच होतं. आधी आभाळ, तिरकं. मग अंधार, तुझा हात असेल. तू ते उचलून उलटं केलंस, कारण मग कॅमेऱ्याला खालची फरशी दिसायला लागली आणि तुझा पाय. निळ्या पट्ट्याची चप्पल. म्हणजे पाठ तुझ्याकडे होती, माझी लाल अक्षरं तुझ्या डोळ्यांसमोर.

तो पाय बराच वेळ हलला नाही. आम्ही दोघी बघत होतो. बारकी म्हणाली, "वाचतेय." मग चित्र गेलं.

तुला काही लागलं नाही ना? एवढंच कुणाकडून तरी कळव.

आई

११ मार्च

बयो,

आज आम्हाला कचेरीत बोलावलं होतं. तू तक्रार केली नाहीस, हे मला कळलं. तुझ्या समोरच्या घरातल्या म्हाताऱ्यानं केली. त्याला माझ्याकडून काही बोलू नकोस, त्याचं बरोबरच आहे, माझ्या डोक्यावर कुणी भुंगा सोडला असता तर मी दगड मारला असता.

लांब खोली, एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, एक उठला की सगळ्या हलतात. आमचा नंबर आला तेव्हा साहेबासमोर सात शिक्के एका चाकावर टांगलेले. माणूस वाईट नाही. मला आधी बसायला सांगितलं. मग विचारलं, उडवायला कुणी सांगितलं? मी म्हटलं, मी. किती उंचीवर होतं? मी म्हटलं, तोंड दिसणार नाही एवढ्या उंचीवर. बारकीनं ते त्याच्या भाषेत तसंच सांगितलं की नाही कोण जाणे, पण साहेबानं पेन खाली ठेवलं.

मग त्यानं समजावलं, हळूहळू, बारकी मला सांगत गेली. जबाबदार व्यक्ती मी, म्हणजे समज मला मिळणार. मी म्हटलं, द्या, दोन द्या. पण चालवणारी बारकी. घरच्या माणसानं 'परवानगी नव्हती' असा जबाब दिला तर तिचा परवाना इथं कायमचा बंद, आणि आपल्याकडच्या कचेरीला पत्र जाणार, म्हणजे तिथलाही जाणार. घरच्या माणसानं 'परवानगी होती' असं लिहून दिलं तर काहीच झालं नाही असं धरतील. घरच्या माणसानं, म्हणजे तू. तुला गुरुवारपर्यंत मुदत दिलीय म्हणे. भुंगा तुझ्याकडेच आहे, तोही तूच आणून द्यायचा.

आणि आम्ही तुला भेटायचं नाही, तुझ्या दारात जायचं नाही. भेटू नका म्हणाला, लिहू नका असं मी ऐकलं नाही, आणि पेटी तर फाटकाला आहे, दाराला नाही. बारकी काहीतरी सांगत होती, पण मी पिशवी शोधत होते.

मी तुला सही कर म्हणत नाही. कुठल्या तोंडानं म्हणू? चौदा वर्षांत एकदाही तू माझ्याकडे काही मागितलं नाहीस, आणि मी आले ती मागत आले.

पण ती पोर बघवत नाही. पलंगावर बसून बॅटऱ्यांच्या टोकांना पट्टी लावते, काढते, पुन्हा लावते. मी म्हटलं दोन घास खा. तर म्हणते, "आजी, मला दुसरं काही येत नाही गं." ओरडली असती तर बरं झालं असतं. मला तिच्याजवळ बसण्याशिवाय काही करता येत नाही. भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही, पोलिसाला काय म्हणायचं ते माहीत नाही. माझ्या हातात आहे काय, तर हे पेन. ते पण तू दिलेलं.

म्हणून त्या पेनानं निदान खरं लिहिते. तू कागद फाडशील तेव्हा खरा कागद फाटू दे.

मी बाजारात गेले नव्हते. तू नवऱ्याचं घर सोडलंस, एकटी परमुलखात नोकरीला निघालीस, आणि मी म्हटलं होतं, "गेलीस तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." ते मी म्हटलं, लोकांच्या भीतीनं म्हटलं, पण म्हटलं. मग तू आलीस. खाली बेल वाजली. तीनदा. मी वर गच्चीवर होते. कपडे वाळत घालायला गेले होते आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले. ओला परकर मांडीवर तसाच. बेल थांबली तेव्हा कठड्यावरून वाकून बघितलं. तू रिक्षात बॅग ठेवत होतीस. वरून तुझा भांग दिसला नुसता. मग तू मान वर केलीस. आणि मी, बयो, मी मागे सरकले.

तू काय बघितलंस मला माहीत नाही. मी एवढंच धरून चालले की तू काही बघितलं नाहीस.

त्या दिवशीही मी वरूनच बघितलं तुला. खाली उतरायला जिना होता, अठरा पायऱ्या. मधे भिंत नव्हती, कायदा नव्हता, शेजारी नव्हते. मला कुणीही अडवलं नव्हतं.

आई

१३ मार्च

बयो,

तू येऊन गेलीस. आम्ही दहाला पोचलो, आणि साहेब म्हणाला, बाई नवाला येऊन गेल्या. मी तू बसली असशील त्या खुर्चीवर बसले. कुठली ते कुणी सांगितलं नाही, मीच एक धरली.

टेबलावर तुझी निळी चादर, गाठोडं बांधलेली. साहेबाला गाठ सुटेना. दोघं लागले, मग कात्री काढली. मी म्हटलं, थांब रे बाबा! चारही टोकं उलटी आत खोचलेली असतात, एक ओढलं की मोकळं. माझ्या आईची गाठ, तिनं मला शिकवली, मी तुला. सोडली तर साहेब माझ्याकडे आणि गाठीकडे बघत राहिला. काय समजायचं ते समजला असेल. शिक्क्यांचं चाक फिरवलं फक्त.

आत भुंगा. एक पंखा तुटका, बाकी धड. बारकीनं तो छातीशीच धरला.

मग साहेबानं तुझा कागद वाचला. 'ह्या यंत्राला माझ्या घरावरून उडायला माझी परवानगी होती आणि आहे.' बारकीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. परवाना राहिला तिचा! शिक्का मारला, एक लाल, एक निळा, आवाज काय छान येतो त्याचा. मी साहेबाला आशीर्वाद दिला, त्याला कळला नाही, तरी दिला.

निघता निघता तो म्हणाला, एक गोष्ट राहिली. परवानगीच्या कागदावर 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा असतात. 'पासून'मध्ये तू आठ तारीख घातलीस. 'पर्यंत' रिकामं सोडलंस. त्यानं तुला विचारलं, बाई, राहिलं का? तू म्हणालीस, राहिलं नाही. मी बारकीला म्हटलं, म्हणजे काय गं? ती म्हणाली, "आत्या रद्द करेपर्यंत चालू."

खाली दुसरी एक ओळ होती, आमच्यावरची भेटायची बंदी उठवायची का त्याची. 'घरी येण्यास परवानगी.' त्यापुढे तू आडवी रेघ मारलीस. मी साहेबाला बोटानं दाखवून विचारलं, ही रेघ मुद्दाम आहे ना? तो हो म्हणाला. वाईट वाटलं त्याला.

मला नाही वाटलं, बयो. खोटं कशाला, वाटलं. पण ज्या बाईनं दार उघडलं नाही तिला दारातून आत कोण घेईल? तू मला वरून बघायची परवानगी दिलीस. जेवढं मी बघितलं होतं तेवढीच.

बारकीनं नवा पंखा बसवलाय, तिच्या डब्यात जादा असतात. आमचं विमान परवा दुपारी आहे. परवा सकाळी आठला मुकादम गच्चीची किल्ली देतो म्हणालाय. वीस मिनिटांची बॅटरी असते. आम्ही उंचच ठेवू, आवाज येणार नाही. तू घरात राहिलीस तरी चालेल. दोरी दिसली तरी पुरे.

आई

१५ मार्च, विमानतळावरून

बयो,

हे तिकीट लावून टाकतेय. बारकी रांगेत आहे, यंत्राचे कागद परत दाखवायचे असतात. माझ्या मांडीवर बॅटऱ्या. पाच भरलेल्या, एक रिकामी.

आठला आम्ही उडवला. बारकीनं पडदा माझ्या हातात दिला, म्हणाली, तू धर, मला कडेनं दिसलं तरी पुरे. रिकाम्या रस्त्यांवरून, दुसऱ्या कुणाच्या छपरावर न जाता, तुझ्या गल्लीत पोचलो तेव्हा समोरचा म्हातारा बाहेर आला होता. त्यानं वर बघितलं, आणि आत गेला. त्याला तू काही सांगितलंस वाटतं.

अंगण रिकामं होतं. दोरी रिकामी. मी म्हटलं ठीक आहे. कुंडी बघितली, पाणी कमी केलंयस. मग मागचं दार उघडलं. तू बुटकं स्टूल आणलंस आणि अंगणाच्या मधोमध ठेवलंस, जिथं सावली नव्हती तिथं. बसलीस. केसांची पिन काढून मांडीवर ठेवलीस आणि केस मोकळे सोडलेस पाठीवर. मान खाली घातलीस.

हातात कंगवा नव्हता. नुसती बसलीस, पाठमोरी, पाटावर बसायचीस तशी.

बारकी हळूच म्हणाली, "खाली नेऊ का, आजी?" मी म्हटलं, नको. होता तिथंच राहू दे.

बयो, मी बहात्तर वर्षांची बाई, कारखान्याच्या गच्चीवर नारिंगी जाकिटात उभी, आणि माझं बोट त्या काचेवर. तुझ्या भांगावरून खाली, खाली, टोकापर्यंत. बोट लागलं की चित्र मोठं होतं आणि तू सरकून जायचीस, बारकी पुन्हा मधे आणायची. पुन्हा लावायचे, पुन्हा सरकायचीस. मग मी बोट वरच्या वर धरलं, काचेला न लावता.

तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं मी. नाही दाखवलंस. वर बघितलं नाहीस एकदाही. पण बॅटरी संपत आल्याचं वाजायला लागलं, बारकीनं भुंगा माघारी वळवला, चित्राच्या कडेला तुझं अंगण सरकत गेलं, तोवर तू उठली नव्हतीस.

केस अजून दाट आहेत. तेल लावत जा.

बारकी हाक मारतेय. तिथली बाई पुन्हा तेच विचारतेय म्हणे, ह्या यंत्राची जबाबदार व्यक्ती कोण. जाते. सही करायची आहे.

आई